तबकडीतली गिरकी

आमच्या तबकडीचा विषय निघाला की ढोलकीवाला खाकरून पुढं सरसावायचा. "ढोलकी जमली म्हणून रेकॉड जमली, नाईतर तुमचं काय होतं गा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर झीलकरी उसळायचे. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभे राहून त्याचं ध्रुवपद उचलून धरणारे दोघे भाऊ. त्यांचं म्हणणं, शाहिराचा दम संपतो तिथं आमचाच सूर ऐकू येतो, तेव्हा निम्मी तबकडी आमची. टुणटुणेवाला कुणाच्या अध्यातमध्यात नसे, पण तोही हळूच सांगायचा की नीट कान दिला तर त्याची तार सगळ्यांच्या वर वाजते. चंद्रपूर तेव्हा चांदाच होतं, आणि जटपुरा दरवाज्याजवळच्या चहाच्या हॉटेलात ही पंचायत बाजाराच्या दिवशी हमखास भरायची.

मी आपला चहा फुंकत बसायचो. मला भांडायची गरज नव्हती. त्या तबकडीवर माझा एकही आवाज नाही आणि तरीसुद्धा ती माझी आहे. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

मी नाच्या होतो. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि मंडईत खडी गंमत लागतेच. शाहीर उभ्यानं गातो, मागं ढोलकी, डफ, टुणटुणं, झांज; आणि समोर लुगडं नेसून, पायात चाळ बांधून नाचणारा पुरुष, तो नाच्या. घरी गेल्यावर लोक सांगतात की शाहिराला ऐकून आलो, पण डोळे सगळ्यांचे नाच्यावर असतात. मूलपासून गडचिरोलीपर्यंत माझ्या गिरकीचा बोलबाला होता. मी फिरलो की पदर गोल उघडायचा, बायका लाजायच्या आणि गाडीवान बैलांचे कासरे सोडून टाळ्या पिटायचे. यात मी एका शब्दाचीही भर घालत नाहीये. उलट वय झाल्यामुळं जरा कमीच सांगतोय.

देवानं पाय दिले, गळा मात्र दिला नाही. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. बाईच्या वाट्याची पदं असली तर ती झीलकरीच गायचे, मी नुसते ओठ हलवायचो आणि हातवारे करायचो. त्याची मला कधी लाज वाटली नाही. चाळ बोलत होते, तेवढं मला पुरत होतं.

लाज वाटायची ती माझ्या बापाला. आमच्या घरी तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची शेती. बाप उंचापुरा, कमी बोलणारा, जाळं फेकावं तर त्यानंच. असल्या माणसाचा एकुलता एक पोरगा लुगडं नेसतो म्हटल्यावर गावात टवाळी व्हायचीच. मंडईच्या रात्री तो खांद्यावर घोंगडं टाकून तलावाच्या राखणीला निघून जायचा. "सारा गाव मंडईत राह्यते, चोर तवाच मासे नेते," असं म्हणायचा. खरं कारण मला ठाऊक होतं. माझा नाच त्यानं एकदाही पाहिला नव्हता आणि मी दहा गावांची वाहवा घेऊन आलो तरी ती एक खोच मनातून जात नव्हती.

अशात एका उन्हाळ्यात मुंबईहून तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस चांद्याला उतरला. नागपुरात कुणीतरी त्याच्या कानावर आमच्या शाहिराचं नाव घातलं होतं. खडी गंमतीचं गाणं तबकडीवर घ्यायचं, दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं, आणि तेही चांद्यातच, असं ठरलं. आमच्या टोळीत कुणाला झोप लागेना. चांद्याचा आवाज फोनोवर वाजणार! नाशिक, पुणं, मुंबई सगळीकडं ऐकतील आणि विचारतील, हे कुठचे? त्या विचारानंच आमच्या माना ताठ झाल्या. खरं सांगतो, तो ताठा मानेतून आजवर गेलेला नाही.

मी घरी जाऊन बापाला बातमी सांगितली. तो जाळं विणत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "रेकॉड मंदी नाच दिसते का?"

"नाच नाई दिसत, पण आयकू येते ना."

"तुहं काय आयकू येते? तू तं गात नाईस."

"माहे चाळ आयकू येतीन."

त्यानं सुईतला दोरा ओढला. गाठ मारली आणि म्हणाला, "आयकू आले तं सांग. चांद्याले येतो आयकाले."

बस्स. मला आणखी काय हवं होतं? लुगडं डोळ्यांना दिसत नाही, लोक हसत नाहीत, आणि पोराची मात्र कमाई कानावर पडते. बापानं स्वतःच्या तोंडानं येतो म्हटलं होतं. मी चाळांचं एकेक घुंगरू चिंचेनं घासून लखलखीत केलं.

कंपनीच्या माणसानं एका शाळेची खोली घेतली होती. सुट्टीचे दिवस, त्यामुळं आजूबाजूला शांतता होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं खिडक्यांवर जाड गोधड्या टांगायला लावल्या. चांद्याचा उन्हाळा आणि दारं-खिडक्या बंद! यंत्र टेबलावर होतं, त्यावर दोन चकत्या आणि चकत्यांवरून सरकणारी तपकिरी फीत. फितीवर आवाज उतरवायचा आणि तबकडी मग मुंबईत बनवायची, असा प्रकार. आधी गाणं कापण्यावरून भांडण झालं. मंडईत जे गाणं रात्रभर लांबवता येतं ते तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. शाहीर एकेक कडवं सोडताना असं तोंड करत होता की जणू कुणी त्याच्या शेताचा बांध सरकवतोय. शेवटी गाणं उरलं ते नवरा-बायकोच्या कुरबुरीचं. नवरा बाजारातून बांगड्या आणायला विसरतो, बायको रुसते, तो तिची मनधरणी करतो. नवरा शाहीर, बायको मी.

मी पेटी उघडून लुगडं काढलं. कंपनीच्या माणसानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "मी नाच्या आहे." तो म्हणाला, "नाच तबकडीवर येत नाही हो. तुम्ही बाहेर बसा." मी पायातले चाळ वाजवून दाखवले. त्यानं कानाला लावलेलं यंत्र जरा दूर धरलं आणि मान हलवली. "हे तर अजिबात नको. घुंगरांनी सगळं फुटतं. शब्द ऐकू येणार नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या चाळांवर दहा गावं डोलली ते याच्या यंत्राला फुटके वाटत होते. मी तणतणत बाहेर आलो आणि ओट्यावर ठाण मांडून बसलो. चाळ काढले नाहीत. मनात एकच विचार होता, बापाला काय सांगू? येऊ नका, त्यात मी नाही, असं?

आत गाणं सुरू झालं. दाराशी बसूनही मला कळलं की गाडी रुळावर नाही. शाहीर सुरात होता, तालात होता, सगळं बरोबर होतं, आणि गाणं मेलेलं होतं. बायकोची मनधरणी करणारा माणूस चावडीवर अर्ज वाचत असल्यासारखा गात होता. कंपनीच्या माणसानं थांबवलं, पुन्हा घ्या म्हटलं. पुन्हा तेच. ढोलकीवाल्यानं घामाला दोष दिला, झीलकऱ्यांनी ढोलकीला. मला आतून गुदगुल्या होत होत्या, हे कशाला लपवू?

मग दार उघडलं आणि शाहीर स्वतः बाहेर आला. वयानं माझ्या बापाएवढा माणूस. अंगरखा घामानं चिंब. माझ्याशेजारी ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "त्या यंत्राच्या पेटीकडं पाहून बायको काऊन रुसली ते मले समजूनच नाई राह्यलं. समोर तू पाह्यजेस."

"माहे चाळ त्याले नाई चालत."

"चाळ काढ. पाय तं तुहेच राहतीन ना?"

"माहे पाय आयकू कोणाले येतीन, शाहीर?"

"मले," तो म्हणाला. "मले येतीन. बाकी मी पाहातो."

माझा राग पुरता गेला नव्हता, पण त्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. एवढी वर्षं तो माझ्याकडं बघून गात होता आणि ही गोष्ट त्यानं कधी तोंडानं बोलून दाखवली नव्हती. मी चाळ सोडले. पण अट घातली, नाचीन तर पुरा साज करून नाचीन. मग मी लुगडं नेसलो, अंबाडा घातला, काजळ भरलं, कपाळाला टिकली लावली. ज्या यंत्राला डोळे नाहीत त्याच्यापुढं मी नवरीसारखा नटून उभा राहिलो. कंपनीचा माणूस आधी हसला. माझा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

पायांचा धपधप आवाज येऊ नये म्हणून शेजारच्या गोठ्यातून धानाची तणस आणली आणि खोलीच्या मध्यात जाड पसरली. त्या वाळक्या गवताची कुसळं तळव्यांना टोचत होती. आवाज करायचा नाही, श्वासही जोरात घ्यायचा नाही. आयुष्यात इतका अवघड नाच मी नाचलो नाही. शाहिरानं पहिली ओळ उचलली आणि मी पाठ फिरवून रुसलो. लगेच त्याच्या आवाजात ओल आली. तो आर्जव करू लागला, मी मान झटकली, तो पुढं झाला, मी मागं सरलो. आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बायकोचा रुसवा निघतो तिथं मी गिरकी घेतली. पदर उघडला. शाहीर गाता गाता खुदकन हसला, अगदी सूर न सोडता. ते हसू त्याच्या ओळीतच मिसळून गेलं.

कंपनीच्या माणसानं कानावरचं यंत्र काढलं तेव्हा आम्हाला वाटलं, बिघडलं. तो म्हणाला, "हेच. आता हात लावू नका." मग माझ्याकडं वळून त्यानं नमस्कार केला. मी पदर सावरून तो घेतला. का नाही घ्यायचा?

पावसाळा संपता संपता तबकडी आली. मधोमध गोल कागदावर शाहिराचं नाव आणि खाली 'आणि साथीदार'. हॉटेलवाल्यानं ती दिवसभर वाजवली. दरवाज्यातून शिरणारी माणसं थबकायची, सायकली थांबायच्या. आमच्या टोळीला चहा फुकट होता. आपल्या गावचा शाहीर फोनोत गातोय म्हटल्यावर अनोळखी माणसं आमच्या पाठीवर थाप मारायची. मीही छाती काढून फिरलो. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. चाळ ऐकू आले तर सांग, असं बाप म्हणाला होता. ते आलेच नव्हते.

पण तो न सांगता आला. जाळ्याचं सूत घ्यायला चांद्याच्या बाजारात आला होता म्हणे. हॉटेलासमोर उभा दिसला तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं. तो आत येऊन बाकावर बसला. पंचायत भरलेलीच होती. हॉटेलवाल्यानं कोण आलंय ते ओळखून तबकडी लावली.

मी आधीच सांगून टाकलं, "बा, त्यात माहे चाळ नाईत. त्यानं काढाले लावले."

तो गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत राहिला. पहिलं कडवं झालं, दुसरं आलं. शाहीर खुदकन हसला. बापानं बोट वर केलं.

"इथी तू फिरला."

मला वाटलं, माझ्या कानांनीच काहीतरी घोळ केला. ढोलकीवाल्याचा कप हातातच राहिला. मी विचारलं, "तुमाले कसं समजलं?"

"मंडईत बी शाहीर तवाच हासते," तो म्हणाला. "दरसाली."

मी त्याच्याकडं पाहत राहिलो. तो माझ्याकडं पाहत नव्हता. त्या घोंगड्याची, त्या तलावाच्या राखणीची मला आठवण झाली. इतकी वर्षं माणसांच्या गर्दीमागं, गाड्यांच्या आड कुठंतरी उभा राहून तो माझ्या गिरकीची वाट पाहत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

गाणं संपलं, सुई खरखरू लागली. बापानं सुताचं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं आणि हॉटेलवाल्याला मोठ्यानं, अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पुन्हा लाव गा. माह्या पोराची रेकॉड आहे."