डोंगरातल्या ऑर्किडला बांधलेली गळती

आमच्या घरात उमललेलं कुठलंही फूल आधी देवाला जातं, हा माझ्या सासऱ्यांचा नेम. सकाळी परडी घेऊन अंगणात उतरले की मोगरा, तगर, जास्वंद, कशाचीच सुटका नाही. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत शेजारणीने कण्हेर कुंपणापासून लांब लावली, ती यांच्याच धाकाने.

म्हणून माझ्या भावाने सिक्कीमहून ऑर्किडची कुंडी आणली, तेव्हा मी ती मुद्दाम मागच्या व्हरांड्यात ठेवली. भाऊ फौजेत होता, दिवाळीला सुट्टीवर आला होता. झाड दिसायला गवती चहासारखं, बुडाशी हिरवे कंद. याला रात्रीचा गारवा लागतो, तुमचा उन्हाळा सोसला तर नशीब, असं तो हसत म्हणाला होता. त्याच हिवाळ्यात तिकडे त्याच्या गाडीवर दरड कोसळली. त्याच्या हातची तेवढी एकच जिवंत गोष्ट माझ्याकडे उरली.

वैशाखात मी आईकडे इंदूरला गेले होते. इकडे पानं करपायला लागलेली पाहून सासऱ्यांनी आपल्या परीने उपाय केला. उन्हाळ्यात आमच्याकडे महादेवाच्या पिंडीवर गळती बांधतात. तळाला भोक असलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं आणि देवाला थंडावा मिळतो. तशीच गळती त्यांनी कुंडीवर बांधली, नेम धरून, बरोबर नव्या कोंबांच्या पोटात. मी परतले तेव्हा कोंब कुजले होते. हात लावताच ते उपटून आले.

मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. देवाचे उपचार झाडाला कोण करतं, असा संताप आला होता.

बाहेर आले तर म्हातारा खाली बसून कुजका भाग सुरीने काढत होता. टणक राहिलेल्या कंदांना त्यांनी हळद लावली, नारळाच्या सोडणात बसवलं आणि कुंडी उचलून थेट आपल्या खोलीत, कूलरसमोर नेऊन ठेवली. झाडाला वारा हवा, पण झोत नको, म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि जागा करायला आपली खाट बाहेरच्या खोलीत टाकली. ऐन नवतपात, उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, नुसत्या पंख्याखाली. मी विरोध केला, तर म्हणाले, "मला गर्मीची आदत आहे गं. त्याला नाही."

पाऊस सुरू झाल्यावर एका कंदाला कोंब फुटला. दुसऱ्या उन्हाळ्यातही खाट बाहेरच होती. त्यानंतरच्या थंडीत कुंडी रात्रभर उघड्यावर ठेवू लागलो आणि माघात दांडा आला. फिकट पिवळी फुलं, आत तांबडे ठिपके.

त्या सकाळी परडी घेऊन ते व्हरांड्यात आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मागायचा हक्क त्यांचाच होता, नाही म्हणायला माझी जीभ उचलली नसती. त्यांनी परडी खाली ठेवली, कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि बैठकीत माझ्या भावाच्या फोटोसमोर नेऊन ठेवली. एकही फूल न तोडता.

"देवाला आज जास्वंदीवर भागवायला सांगितलंय," ते म्हणाले. "हे त्याचं आहे."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. बराच वेळ उठवेना.