डावीकडचं दार

आमच्या भावोजींसमोर ‘चालेल’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. चहात साखर कमी पडली आणि पाहुणा संकोचाने ‘चालेल’ म्हणाला, तरी ते त्याच्या हातातला कप काढून घेऊन स्वयंपाकघरात परत नेत. ‘चालेल म्हणजे काय? बरोबर आहे की नाही, तेवढं सांगा,’ असं त्यांचं म्हणणं. सगळी हयात बोटीवर, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेलेली. चालेल म्हणून सोडलेली वस्तू भर समुद्रात दगा देते, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझी बायको त्यांच्या पानात माशाची तळलेली तुकडी वाढताना आधी ती दोन्ही बाजूंनी बघून घ्यायची.

मी रत्नागिरीत घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीच्या सकाळी पुढचं दार फरशीला किंचित घासत होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. भावोजींनी सदरा काढून खुंटीला अडकवला, दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि अंगणात आडवं टाकून रंधा मारायला बसले. पाहुणे उन्हात उभे, भटजी घड्याळ बघताहेत, आणि माझी ताई हातात कुंकवाची ताटली घेऊन उंबऱ्याशी हसते आहे. ‘अहो, मुहूर्त टळेल,’ ती म्हणाली. ‘मुहूर्त आज जाईल. दार यांना रोज उघडायचंय,’ ते मान वर न करता म्हणाले. त्या दिवशी मलाही हसू आलं होतं. ते दार अजून बोटाने ढकललं तरी लागतं.

त्यांची व्हॅन ही त्या दोघांच्या संसाराइतकीच जुनी. गोल नाकाची, वर मलईचा आणि खाली हिरवा रंग असलेली. मुंबईच्या कुठल्याशा बेकरीचे पाव वाहून थकलेली ती गाडी त्यांनी लग्नाआधी सुट्टीवर आलेले असताना घेतली आणि वेळणेश्वराहून, आमच्या घरून, ताईला त्याच गाडीतून रत्नागिरीला नेलं. तेव्हा खाडी ओलांडायला जयगडची फेरीबोट नव्हती. चिपळूणवरून वळसा घालून जावं लागे. ताई डावीकडच्या दाराशी बसली होती आणि गाडी निघताना मागे वळून आईकडे नव्हे, आमच्या कुत्र्याकडे बघत होती, असं भावोजी पुढे कित्येक वर्षं सांगून तिला चिडवायचे.

मग ते बोटीवर राहिले आणि गाडी छपराखाली. खाऱ्या हवेने पत्रा खाऊन टाकला. निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांनी ती पुरती उकलली. सडलेला पत्रा कापला, नवा जोडला, रंग दिला. दारांची हॅण्डलं, कुलुपं, काच वरखाली करायच्या दांड्या, सगळं सुटं करून बिस्किटांच्या डब्यांत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. ताई म्हणायची, माझ्या डब्यांत आता पीठ कुठे ठेवू ते तुमच्या गाडीला विचारा. पण जाता-येता छपराखाली डोकावायची.

गाडी उभी राहत आली आणि ताईने अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी आणलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिने एकच गोष्ट मागितली: एकदा वेळणेश्वराला जायचं, देवळामागच्या पुळणीवर, वाळूत थोडा वेळ बसायचं. मी माझी गाडी काढतो म्हणालो. ती नको म्हणाली. त्यांच्या गाडीतून आले, त्यांच्याच गाडीतून जाईन.

आणि भावोजींचं अडलं होतं ते नेमकं डावीकडचं दार. उजवं बसलं, मागची दोन्ही बसली. डावीकडे पत्रा नवा घातल्यामुळे चौकट केसभर सरकली होती. दाराचं कुलूप चौकटीवरच्या खटक्यात अडकायच्या ऐवजी त्याच्यावर आपटायचं. जोर लावून आदळलं तर लागायचं, पण खड्ड्यात गाडी गेली की सुटायचं. भावोजी बिजागऱ्या सैल करायचे, खाली पत्र्याची चकती सरकवायचे, आवळायचे, लावून बघायचे, परत सोडायचे. दाराच्या कडेचं रबर जाड पडलं म्हणून काढलं, दुसरं आणलं. ताईच्या खोलीच्या खिडकीतून ते सगळं ऐकू यायचं. मी दर संध्याकाळी ऑफिसातून तिच्याकडे जाई. ती डोळे मिटून त्या आवाजाकडे कान देऊन असायची आणि म्हणायची, ‘आज लागेल.’

एका संध्याकाळी तिने त्यांना बोलावून घेतलं. माझ्यासमोरच म्हणाली, ‘दोरीने बांधा ते दार. मी धरून बसेन. पण मला न्या.’

ते हातातल्या फडक्याला बोटं पुसत उभे राहिले. ‘दोरी बांधलेल्या गाडीतनं तुला माहेरी नेऊ? थोडे दिवस थांब. नीट करतो आणि नेतो.’

ताईने मान भिंतीकडे केली. मी त्यांच्या मागोमाग छपराखाली गेलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, मग वाकून स्क्रूड्रायव्हर उचलला. आतल्या खोलीतलं काहीच त्यांच्या हाताने दुरुस्त होण्यासारखं नव्हतं आणि दार होतं, हे मला आता कळतं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही.

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी ताईचा श्वास बदलला. त्या दिवशी मी रजा घेऊन तिच्यापाशी होतो; खिडकीतून हाक मारली. ते म्हणाले, ‘आलो. एवढा स्क्रू आवळतो.’ ते आले तेव्हा ती गेली होती. हात काळे होते, म्हणून त्यांनी तिला स्पर्श केला नाही. आधी मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, आणि मग तिच्यापाशी बसले.

सुतकातही छपराखालून आवाज येत होता. पुण्याहून आलेला भाचा बापाशी बोलेनासा झाला. शेजारच्या बायका कुजबुजल्या. अस्थी वेळणेश्वराला न्यायच्या दिवशी सकाळी भावोजींनी व्हॅन बाहेर काढली. भाचा त्यात बसला नाही, आपल्या गाडीतून मागून आला. मी अस्थिकलश मांडीवर घेऊन डावीकडे बसलो. दार त्यांनी बाहेरून लावलं. नुसता तळवा टेकवला आणि ते लागलं. जयगडपर्यंतच्या रस्त्यात इतके खड्डे, पण ते एकदाही खडखडलं नाही.

फेरीबोटीवर पर्यटकांची गर्दी होती. एका जोडप्याने गाडी किती गोड आहे म्हणत पुढे उभं राहून फोटो काढले आणि त्यातल्या मुलीने काचेतून आत बघत आम्ही कुठे फिरायला निघालो ते विचारलं. भावोजी म्हणाले, ‘हिच्या माहेरी.’ तिला वाटलं असावं की मागे कुणी बाई झोपली आहे. ती हळूच बाजूला झाली.

बोट खाडीच्या मध्यावर असताना भावोजी समोर बघत म्हणाले, ‘दोरीनेसुद्धा राहिलं असतं.’

राहिलं असतं हे मलाही माहीत होतं.

त्या दिवसानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. पुढे भाच्याने त्यांना पुण्याला नेलं, गाडी एका रिसॉर्टवाल्याला विकली. भावोजी तिकडेच, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वारले. मी गेलो, पण मला रडू आलं नाही. रडू आलं होतं ते त्या सकाळी, वेळणेश्वराला.

देवळामागे पुळणीपाशी त्यांनी गाडी थांबवली. भाचा अजून मागे होता. माझे दोन्ही हात कलशाला होते, म्हणून मी तसाच बसून राहिलो. भावोजी उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी दार पूर्ण उघडून धरलं. समोर नारळांच्या मधून समुद्र दिसत होता. एक हात त्यांनी पुढे केला, तसाच थोडा वेळ धरला.

‘पायरी उंच आहे,’ ते म्हणाले, ‘सांभाळून उतर.’

ते माझ्याकडे बघत नव्हते.