गिरणीवाली भात खात नाही

गिरणीचा पट्टा फिरतोय आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या लेकीच्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे चित्र काही केल्या हलत नाही. दिवा मालवून पडले तरी ती धडधड कानात येते. शेवटी उठून बसले.

सौम्या पस्तिशीची आहे. आमच्या निपाणीतून खानापूरजवळच्या एका गावात दिली, भातशेती आणि भाताची गिरण असलेल्या घरात. सासरे गेल्यावर गिरण बंद करायचं घाटत होतं, कारण तिचा नवरा युवराज बेळगावात नोकरीला. ही म्हणाली, मी चालवते. गाव हसलं. आज आसपासच्या वाड्यांचं भात तिच्याकडेच येतं. मूठभर भात तळहातावर चोळून ती फुंकर मारते आणि तोंडावर सांगते, "अजून ऊन दाखवा, न्हायतर नुसती कणीच पडंल."

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मधुमेह निघाला. त्याच वर्षी तिनं नवरात्राचे उपवास कडक धरले. कडक म्हणजे काय, तर साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि केळी. साखर अशी चढली की तिला समोरचं धूसर दिसायला लागलं. पण कौतुक किती! तिच्या सासूबाई नागुबाई शेजारणींना सांगत होत्या, "साखर असून सून नऊ दिवस उपाशी हाय बघा."

यंदाच्या उन्हाळ्यात सौम्यानं भात सोडला. भाकरी अर्ध्यावर आणली. ताटात अंडी, बांगडा, मेथी, ताक. रात्री लवकर जेवायचं आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत काही नाही. घरात भांडण पेटलं. देवासाठी उपाशी राहिली तेव्हा पुण्यवान, आणि स्वतःच्या डोळ्यांसाठी भात सोडला तर माजलेली!

"आमच्या तांदळात किडं हाईत व्हय?" नागुबाईंनी विचारलं.

गिरणीवर आलेली एक बाई म्हणाली, "व्हय गं सौम्या, मालकीणच खाईना, मग तांदूळ कसला म्हणायचा?"

"आक्का, दारूच्या दुकानाचा मालक रोज पिऊन पडतोय व्हय?"

सगळी गिरण हसली. नागुबाई सोडून. पुढच्या तपासणीत साखर चांगली उतरलेली निघाली, तेव्हा सौम्यानं तो रिपोर्ट देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. अजून तिथंच आहे.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. हसत सांगत होती, म्हणून मला आधी नीट कळलंच नाही. सकाळी गिरण चालू असताना हात थरथरायला लागले, घाम फुटला आणि पट्ट्याकडे तोल गेला. कोंडा भरत बसलेल्या नागुबाईंनी दंडाला धरून मागं ओढली, घरातून गूळ आणून तोंडात कोंबला. ती सावरल्यावर त्यांनी सुनावलं, "उद्यापासनं भात खायाचा, न्हायतर गिरणीत पाय ठेवायचा न्हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, गिरण सोडणार न्हाय आन् भातबी खाणार न्हाय. गूळ तेवढा झकास हुता."

मला हसू आलं नाही. "सकाळी साखरेची गोळी घेतलीस?"

"घेतली की. गोळी कधी चुकवत न्हाय मी."

"आणि खाल्लंस?"

"दुपारी खाते की आई, रोजच्यासारखं."

"हे डॉक्टरांना सांगितलंयस? भात सोडल्याचं, सकाळी खात नाहीस त्याचं?"

"त्येनीबी भाताचंच तुणतुणं लावलं असतं. तूबी आता सुरू होऊ नको गं." फोन ठेवला.

शाळेत खो-खो खेळताना बोट मोडलं होतं, तेव्हाही तिनं बाईंना सांगितलं नव्हतं. संघातून काढतील म्हणून. तीच ही.

ती गोळी दोन्ही वेळा भात जेवणाऱ्या सौम्यासाठी लिहून दिली होती. जेवणाआधी घ्या, म्हणजे मागून जेवण येणार हे धरूनच. आता मागून काहीच येत नाही, गोळी मात्र साखर खाली ओढतेच. चूक भात सोडण्यात नाही. ज्यानं गोळी दिली त्याला न सांगण्यात आहे.

आधी मनात आलं, सांगावं तिला, खा बाई दोन घास भात, मिटव एकदाचं. मुलींना आपण हेच सांगत आलो. नाही सांगणार. आपल्या ताटात काय असावं हे ठरवायला तिला इतकी वर्षं लागली आहेत.

पण उजाडताच ती पुन्हा उपाशीपोटी गोळी घेईल आणि गिरण सुरू करायला जाईल. रात्री तिचा फोन बंद असतो. नागुबाईंचा बटणाचा फोन मात्र लेकाच्या फोनसाठी उशाशी चालू असतो. मुलीच्या आईनं विहिणीला अपरात्री उठवायचं नसतं, आणि शिकवायचं तर त्याहून नाही. सौम्याचं लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज खालीच ठेवला. आज नाही.

तिला पट्ट्यापासून ओढलंत, त्यासाठी तुमचे पाय धरते, हे आधी म्हणेन. मग सांगेन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला सकाळची गोळी उपाशीपोटी घेऊ देऊ नका, आणि तोवर गिरण बंद राहू दे. मी पहिल्या बसनं येते, तिघी मिळून दवाखान्यात जाऊ. आणि विहीणबाई, तिच्या ताटात भात वाढू नका.

रागावल्या तर रागावू देत. लावतेच फोन.