परक्या घाटात मोडलेली फांदी

नुकत्याच मोडलेल्या फांदीला एक हिरवा, किंचित तुरट वास असतो. पोलादपूर मागे टाकून आंबेनळीचा घाट चढू लागलं, गाडीची काच खाली असली, की एखाद्या वळणावर तो वास आधी येतो आणि मग ती दिसते. रस्त्यात आडवी, पानं अजून टवटवीत. पुढे वळणाआड कुणाची तरी गाडी बंद पडलेली असणार! किती साधा, किती आश्वासक संकेत!

मला गाडी शिकवली पोलादपूरच्या सखाराममामांनी. ते जीप चालवायचे, मी महाडच्या शाळेत शिक्षिका. "बाई, फांदी दिसली का पाय ब्रेकवर. कोन हाय, काय झाला, ता मागनं बगू. आन् आपली गाडी अडली तर आदी चाकाला धोंडा, मग फांदी. त्याबिगर बोनेटला हात लावायचा नाय." पुढे तीस वर्षं मी या रस्त्यांवर गाडी चालवली, कुणाला ओरखडाही काढला नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

तो गर्व जर्मनीत उतरला. माझ्या लेकीच्या, अनघाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायामासाठी तिला आठवड्यातून तीनदा शेजारच्या गावातल्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि जावई कामात बुडालेले. आंतरराष्ट्रीय परवाना काढून मी तयारीनेच गेले होते. तिथे स्टिअरिंग डावीकडे, चालायचं उजवीकडून, तरी निभावलं. मग एके दिवशी, तिला आणायला एकटीच निघाले असताना, डोंगरातल्या वळणावर टायर बसला. मी मामांच्या शिस्तीने चाकाला दगड लावला, कडेच्या झाडाची फांदी मोडून मागे रस्त्यावर आडवी टाकली, आणि निर्धास्त झाले.

थोड्याच वेळात पोलिसांची गाडी आली. तरुण पोलीसबाईने फांदी उचलून विचारलं, हे काय? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत अख्खा आंबेनळी घाट समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दंडाचा कागद हातात ठेवला. तिथे लाल त्रिकोण उभा करायचा असतो, आणि तो आमच्याच डिकीत पडून होता! आमच्याकडे लाल त्रिकोण म्हटला की दवाखान्याच्या भिंतीवरचं कुटुंबनियोजन आठवतं. महाडच्या माझ्या गाडीबरोबरही असा एक मिळाला होता म्हणे. त्याची पिशवी मी कधी उघडलीच नव्हती.

अनघा तासभर ताटकळली होती. संध्याकाळी हळूच म्हणाली, "आई, राहू दे गं. मी टॅक्सीने जाईन. तू इथे नको चालवूस." रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं, मायेने म्हणाली, म्हणून झोंबलं. जिला मी शाळेत, क्लासला, परीक्षेला सोडलं, ती माझ्या शेजारी बसायला घाबरू लागली होती. दंड मी दुसऱ्याच दिवशी भरून टाकला. हे मात्र मला मान्य नव्हतं.

नियम म्हणजे तरी काय? एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला म्हटलेलं, सांभाळ! फांदी तेच म्हणते, त्रिकोणही तेच म्हणतो. पण ज्याच्या रस्त्यावर आपण चालतो त्याला कळेल अशा खुणेने बोलायला नको का? एकसष्टाव्या वर्षी मी नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं, वही केली, पाठांतर केलं. जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, मग तो अवजड ट्रक असो की सायकलवरची आजी. हे कागदावर पटेना, म्हणून रोज सकाळी चौकात जाऊन उभी राहायचे आणि कोण कुणासाठी थांबतं ते पाहायचे. शेजाऱ्यांना वाटलं असेल, बाई हरवली!

दहाव्या दिवशी किल्ली मागितली. मागितली कसली, हात पुढे करून उभीच राहिले. अनघाने दिली, पण दोन फेऱ्या ती खिडकीवरची कडी घट्ट धरून बसली, आणि तिचा चांगला पाय तिच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहिला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तिसऱ्या फेरीला चौकात सायकलला वाट दिली, वळण घेतलं आणि काहीतरी बोलावं म्हणून शेजारी पाहिलं. कडीवरचा हात मांडीवर आला होता, मान कलली होती. अनघा गाढ झोपली होती. दवाखान्यापाशी पोचलो तेव्हा दहा मिनिटं हातात होती. उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवायला तिथे मनाई आहे. मी ते बंद केलं, आणि तिला उठवलं नाही.