देवीच्या उलट दिशेने

लाय त्सुंग-यीला माणसं वरून ओळखता येतात. समोरून आली की त्याची पंचाईत होते.

आमच्या प्रयोगशाळेत त्याचं टेबल माझ्या शेजारी. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या माणसाचा माग काढणं, म्हणजे या चौकात दिसलेला माणूस पुढच्या चौकात गेल्यावर 'हा तोच' असं मशीनला सांगता यावं, हे त्याचं काम. कॅमेरे खांबांवर आणि छताच्या कोपऱ्यात असतात, त्यामुळे त्याने आयुष्यभर लोकांचे भांग, टकलं आणि खांदेच पाहिले आहेत. कँटीनमध्ये आमच्या संचालकांना तो बिनओळखीचा म्हणून ओलांडून जातो. तेच संचालक वाकून बुटाची नाडी बांधायला लागले की लगेच म्हणतो, "अरे, सर तुम्ही! नमस्कार!"

त्याच्या आईने एकदा स्थळ बघायला नेलं होतं. मुलगी चांगली शिकलेली, बोलकी. जेवण छान चाललं होतं. मध्येच हा चहाची किटली घ्यायला उभा राहिला, वरून मुलीकडे पाहिलं आणि आनंदाने ओरडला, "तुम्ही त्या बँकेसमोर लाल सिग्नल असताना रस्ता ओलांडता ना? डावा खांदा जरा खाली ठेवून?" मुलीच्या वडिलांनी पुढचा पदार्थ यायची वाट पाहिली नाही.

लायचा खरा वैरी म्हणजे विजेचा खांब. पडद्यावर प्रत्येक माणसाभोवती एक चौकट येते, तिच्यावर एक आकडा असतो. माणूस खांबामागे गेला आणि पलीकडून निघाला, की मशीन त्याला नवा माणूस समजून नवा आकडा देतं. यावर उपाय म्हणून लायने मशीनला कपडे ओळखायला शिकवलं. वरून चेहरा दिसत नाही, पण निळा सदरा, करडी पँट, हिरवी छत्री दिसते. प्रयोग झकास चालला. मग त्याने तो आपल्या गावी, समुद्राकाठच्या लुनवेईला नेला.

लुनवेईतली तरुण मंडळी नोकरीला तैपेईत आणि म्हातारी मंडळी गावात कालवं फोडत. कोणी म्हातारं भरकटलं तर चटकन सापडावं, एवढाच हेतू. वॉर्डप्रमुख होंग यांनी गल्लीबोळांत कॅमेरे बसवू दिले आणि कचेरीमागची एक खोली दिली. तिथे ढोल, प्लास्टिकची स्टुलं आणि मागच्या निवडणुकीचे फलक होते. त्यातच आम्ही पडदे मांडले.

मोठी परीक्षा होती माझू या समुद्रदेवीच्या फेरीच्या दिवशी. त्या दिवशी बाहेरगावचे हजारो लोक पालखीमागून चालतात. वाटेवरच्या प्रत्येक घरापुढे टेबल मांडून येणाऱ्याला खाऊ घालतात. नाही म्हणायची सोय नसते, नाही म्हटलं तर यजमानीण चिडते. मी लायला मदत करायला गेलो होतो. सकाळी होंग आत आले, छाती पुढे काढून.

"लाय, यंदा तुझ्या कॅमेऱ्यांना मी खास मदत केलीय बरं का."

"काय केलंत, काका?"

"दरवर्षीची जाकिटं फिकी असतात. यंदा मी सगळ्यांना भडक नारिंगी जाकिटं वाटली. वर नारिंगी टोपी. तोंडावर मास्कसुद्धा एकाच रंगाचा! आता कसं, एकूण एक माणूस लख्ख दिसेल."

लायने पडद्याकडे पाहिलं. सगळा रस्ता नारिंगी झाला होता. एक चौकट एका माणसावरून उडी मारून दुसऱ्यावर बसली, तिथून तिसऱ्यावर, जणू भर लग्नात शिरलेलं माकड.

"छान दिसतंय ना?" होंग म्हणाले.

"फार छान," लाय म्हणाला आणि स्टुलावर बसला.

खरं तर चूक त्याचीच होती. तो याच गावचा. लहानपणापासून फेरीत चाललेला. फेरीला सगळे सारखे कपडे घालतात हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! पण मशीनला त्याने शिकवलं ते इतर दिवसांचे व्हिडिओ दाखवून. ज्या दिवशी माणसं हरवतात, नेमका तोच दिवस राहून गेला होता.

दुपारी यु-ल्यान आजी आल्या. हातात कालवं फोडायची सुरी तशीच होती, हातमोजेही काढले नव्हते.

"ए कॅमेरेवाल्या, माझा म्हातारा कुठाय?"

त्यांचे यजमान आ-वांग आजोबा. उमेदीत कालवांची शेती केलेले, आता साखरेचा आजार झालेले, आणि कधीमधी विसरणारे. वसंतोत्सवाच्या सुमारास ते एकदा बसमध्ये बसून तिसऱ्याच गावी पोचले होते. तेव्हा तैपेईहून मुलगा जून-हाओ धावत आला होता आणि त्याने बजावलं होतं, पुन्हा एकदा हरवले तर मी त्यांना तैपेईतल्या वृद्धाश्रमात ठेवणार, तिथलं दार कुलूपबंद असतं.

"पोलिसांना सांगूया का?" मी विचारलं.

"खबरदार!" आजींची सुरी माझ्याकडे वळली. "जून-हाओ गाडीत बसलाय, तासाभरात येईल. पोलीस म्हणजे सगळ्या गावभर. तो आजच त्यांना घेऊन जाईल. चार भिंतींत चार दिवस काढणार नाही हो हा माणूस. चालल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही."

"काय घातलंय त्यांनी?" लायने सवयीने विचारलं, आणि विचारताच त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"नारिंगी," आजी म्हणाल्या.

लाय पडद्याकडे वळला. पालखी पडद्यावर डोलत होती. तिच्यामागे नारिंगी पूर, सगळा एका दिशेने. आजी मागे उभ्या राहून प्रत्येक टोपीवर बोट ठेवत होत्या. "हे का? नाही, हा सरळ चालतोय. हे? नाही, ही बाई आहे."

"आजी," लाय एकदम म्हणाला, "फेरीत देवीच्या उलट दिशेने कोण जातं?"

"कोणी नाही. तसं करू नये."

"तेच म्हणतो मी."

त्याने मशीनला कपडे विसरायला सांगितलं. रंग नको, टोपी नको. फक्त एवढंच दाखव, की पालखी जिकडे जाते त्याच्या उलट कोण चाललंय. पडद्यावरच्या चौकटी विझत गेल्या. पाणी भरणारा एक स्वयंसेवक उरला, एक कुत्रा उरला, आणि एक बुटकी नारिंगी आकृती उरली. ती मंदिराजवळच्या एका टेबलापाशी थांबली, तिथून निघून कालवांच्या शेडमागच्या बोळात शिरली आणि भलतीकडेच, पालखी आधीच ओलांडून गेलेल्या टेबलांपाशी बाहेर पडली.

"हा बोळ बाहेरच्यांना दिसतसुद्धा नाही," लाय म्हणाला. त्याने मागचं चित्र पळवलं. तीच आकृती सकाळपासून गोल फिरत होती. प्रत्येक वळणावर मशीनने तिला नवा आकडा दिला होता. मशीनच्या हिशोबाने त्या दिवशी लुनवेईत बुटक्या म्हाताऱ्यांची एक अख्खी पलटण जेवून गेली होती.

आजी वाकून पाहू लागल्या. टेबलापाशी मास्क खाली सरकला.

"ते काय खातायत?"

लायने चित्र मोठं केलं. लाल कासवाच्या आकाराची, आत गोड सारण भरलेली तांदळाची वडी.

आजी हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्या गावाला सांगून ठेवलंय मी. या माणसाला गोड द्यायचं नाही. एकही घर सोडलं नाही. आणि आज हे तोंड झाकून बाहेरगावचे भाविक होऊन खातायत मेले!"

होंग स्कूटरवरून त्यांना आणायला गेले. तेवढ्यात जून-हाओ दारात उभा. खांद्याला बॅग, कपाळाला घाम, हातात फोन.

"घरी कोणी नाही. आई, बाबा कुठायत?"

आजींनी लायकडे पाहिलं. लायने पडद्याकडे.

"हरवले ना पुन्हा?" जून-हाओने बॅग खाली टाकली. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "मी आश्रमात बोलून ठेवलंय, आई. मला दर फोनला वाटतं की आता हा तसलाच फोन."

स्कूटर थांबली. आ-वांग आजोबा आत आले, टोपी कपाळावर, हनुवटीला लाल पीठ. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग तिच्या हातातल्या सुरीकडे. म्हातारा काही बावळट नव्हता. एका बाजूला सुरी होती, दुसऱ्या बाजूला वृद्धाश्रम.

"बाबा, खरं सांगा. रस्ता चुकला होतात?"

आजोबांनी पुन्हा एकदा सुरीकडे पाहिलं. "हो... म्हणजे गर्दी फार होती... मी जरा हरव—"

"आजोबा," लाय मध्येच म्हणाला. मोठ्यांचं बोलणं तोडायची त्याची पहिलीच वेळ असावी, कान लाल झाले होते. "जरा इकडे बघा."

त्याने जून-हाओला स्टूल दिलं आणि सकाळपासूनचं सगळं चित्र भरभर दाखवलं. बुटकी आकृती बोळात शिरायची, शेडमागून निघायची, टेबल गाठायची.

"रस्ता चुकलेला माणूस कोपऱ्यावर थांबतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. कुठलाही कॅमेरा बघा, हा हमखास असाच थांबतो. तुमचे बाबा एकाही कोपऱ्यावर थांबलेले नाहीत. त्यांना पुढचं टेबलही माहीत होतं आणि तिथे जायचा जवळचा रस्ताही. बसच्या वेळचं मला ठाऊक नाही. पण आज हे हरवलेले नाहीत. यापुढे खरंच कोपऱ्यावर अडखळायला लागले, तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन. लपवणार नाही."

जून-हाओ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने बापाकडे पाहिलं. "खरं?"

आता सुटका नव्हती. आ-वांग आजोबांनी टोपी काढली.

"मला सगळं ठाऊक होतं," ते म्हणाले. "मंदिराजवळची कासवं जरा कोरडी आहेत. पोस्टापाशी मऊ मिळतात. डुकराच्या रश्श्याचा भात शाळेपाशी. तिथे मी दोनदाच गेलो."

"तीनदा," लाय म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या आईला सांगीन."

जून-हाओ तोंडावर हात धरून हसायला लागला. हसता हसता त्याने फोन खिशात टाकला आणि डोळे पुसले. "चला बाबा, घरी जाऊ."

आजोबा जागचे हलले नाहीत. "कुठल्या घरी?"

"आपल्या."

होंगांनी स्कूटरची किल्ली पुढे केली. यु-ल्यान आजींनी सुरीनेच ती बाजूला सारली.

"स्कूटर कशाला? जेवढं खाल्लंय तेवढं चालू दे त्यांना. लांबच्या रस्त्याने. आणि एकही टेबल नसलेल्या."

आ-वांग आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि कोणाचीही वाट न पाहता चालू लागले.