बसलेल्या माणसाचा उजेड

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या आमच्या खोलीत स्वयंपाकघराला एकच दिवा होता, छताच्या मधोमध काजळलेला पिवळा बल्ब. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायच्या आणि स्टोव्हवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायच्या. त्यांचीच सावली तव्यावर. डोळे अधू झालेले, त्यात कळण्याचं पीठ मुळातच काळपट. भाकरी करपली तरी त्यांना कळायचं नाही. करपलेली मी गुपचूप माझ्या ताटात घ्यायची. बोलणार तरी कशी? खानदेशातलं गाव सुटलं, शेजार सुटला, सुरतेत त्यांची म्हणावी अशी ही भाकरीच काय ती उरली होती.

एकदा त्यांचा पदर स्टोव्हला लागता लागता राहिला आणि आमचे हे घाबरले. आईला आता स्टोव्हपाशी बसूच द्यायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, आधी उजेड तर करा. मग सुट्टीच्या दिवशी त्यांनी पट्टी, चोक, ट्यूब सगळं आणून मोठ्या हौसेने ओट्यावर बसवलं. यांच्या कारखान्यात कापड विणायच्या लूमवर असते तश्शी, उभ्या माणसाच्या कपाळासमोर. ओटा लख्ख झाला. पण ओटा सासूबाईंच्या पाठीमागे. त्यांच्या पुढ्यातली सावली उलट आणखी गडद झाली.

त्या रात्री दोन भाकऱ्या करपल्या. “एवढा उजेड करूनही आईला दिसत नाही म्हणजे झालंच,” हे म्हणाले. “उद्यापासून भाकरी तू कर.” सासूबाईंनी परात धुतली आणि पालथी घातली. माझं डोकंच फिरलं. दिवसभर लूमवर नजर ठेवणाऱ्या माणसाला स्वतःची आई कुठे बसते ते दिसू नये?

दुसऱ्या दिवशी हे पाळीवर गेले तशी मी मेन स्विच बंद केला आणि ट्यूब उतरवली. सासूबाईंना पाटावर बसवलं, हात वर करायला सांगितला, आणि बोटं पोचली तिथे भिंतीवर कोळशाने खूण केली. लाकडी गुट्ट्या ठोकल्या, अंगठाही ठेचून घेतला. वायर तोकडी पडली ती दुकानातून आणून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. संध्याकाळी परात मीच सुलटी करून त्यांच्यापुढे सरकवली.

हे आले ते बघतच राहिले. “ट्यूब इतकी खाली कोण लावतं?”

“लूमवर तुम्ही उभे असता. तुमची आई बसते.”

हे हात धुऊन ताटावर बसले.

भाकऱ्या छान उतरल्या, पहिली तेवढी कडेला करपली. सवयीने माझा हात तिच्याकडेच गेला. सासूबाईंनी तो मधेच धरला. ठेचलेला अंगठा पाहिला, करपलेली भाकरी पाहिली, आणि ती उचलून आपल्या ताटात घेतली.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “माले आते दिखस.”