डावीकडे ओढणारी गाडी

नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी द्वारकेतल्या टायरवाल्याकडे गाडीची अलाइनमेंट करायला गेले. नणंद म्हणाली, "आत्ता हेच सुचतंय तुला?" मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. रडूसुद्धा येत नव्हतं.

वर्षभर त्याला डायलिसिसला नेताना गाडी डावीकडे ओढायची. स्टीअरिंग उजवीकडे धरून धरून माझं मनगट दुखायचं. तो शेजारून म्हणायचा, "दाखवून घे ना यार एकदा." मी वैतागून म्हणायचे, "एकाचा दवाखाना पुरे आहे मला."

टायरवाल्याने चाकांवर क्लॅम्प चढवले, स्क्रीनवरचे आकडे बघत खालचे नट पिळले. मग शेजारी बसून म्हणाला, "मॅडम, अब हाथ छोड़ के देखो." रिकाम्या रस्त्यावर मी हात सोडले. गाडी सरळ गेली. "अच्छा है," मी म्हणाले, दुसऱ्याच कोणाच्या गाडीबद्दल बोलावं तसं.

त्याला दुकानाशी सोडून मी घरी निघाले. घर त्याच रस्त्याने सरळ पुढे होतं. गाडी आता कुठेही ओढत नव्हती. हॉस्पिटलचं वळण आलं, तसा मी इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळले.